दगडाचा पॉइंट

म्हाळुंग्याला तिसऱ्या तळघराची खोदाई चालली होती,
सहा मीटरवर काळा दगड लागला,
असा सलग, की ब्रेकरचं टोक दिवसाआड मोडायचं.
ठेकेदार वैतागला. मी खूश.
रात्री स्वयंपाकाच्या ओट्यावर हिशेब मांडला:
इथलाच दगड, इथल्याच भिंतीला.
ना ट्रक, ना डिझेल, ना भट्टी.
पश्चिमेची अख्खी बाजू दीड फूट जाड,
खोल खिडक्या, वर छज्जे,
एसी ऐंशी टनांनी उतरतो.
(मला आकडे येतात. बाकीचं तितकंसं नाही.)

ओस्तवाल शेठनी ड्रॉइंग आधी उलटं धरलं, मग सुलटं.
"मॅडम, हॉटेल बांधतोय की धर्मशाळा?
गिऱ्हाईक टबात बसून हायवेचे दिवे बघणार.
दगडातनं काय दिसणार त्याला?"
मग चहा मागवला, आणि जरा हळू आवाजात,
"पण ग्रीन पाहिजेच हां. प्लॅटिनम.
बँकेला सांगून बसलोय."

काच आली. समुद्रावरून, फोमच्या गाद्यांत निजून.
आठ माणसांनी उतरवली, श्वास धरून.
इतकं अलगद या साइटवर
कुणाला उचललेलं मी पाहिलं नव्हतं,
सेंट्रिंगवरून पडलेल्या पोरालासुद्धा नाही.
काच तापते म्हणून तिला फिल्म,
फिल्मने अंधारतं म्हणून दिवसा दिवे,
दिवे तापतात म्हणून आणखी वीस टन,
आणि गच्चीवर सोलरची जागा
चिलरने आधीच अडवलेली.

दगड मोशीच्या क्रशरवर गेला.
खडी होऊन, वाळू होऊन
त्याच रस्त्याने परत आला, बिलासकट.
फॉर्ममध्ये लिहिलं: स्थानिक साहित्य.
एक पॉइंट मिळाला.

पाण्याचं सांगते.
सांडपाणी शुद्ध करून फ्लशला, जांभळ्या पाइपातून.
पाणी स्वच्छ, पण किंचित चहासारखं.
सोळाव्या दिवशी एका पाहुण्याने रिसेप्शनला फोन केला,
सतराव्या दिवशी कुणीतरी व्हॉल्व्ह फिरवला.
टँकर रात्री अडीचला यायचा, हॉर्न न वाजवता.
खोलीखोलीत मात्र कार्ड:
टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा.
कार्डाचा मजकूर माझा.
सगळ्या कागदांवर सहीही माझीच आहे, मराठी, वळणदार.

एक भिंत मिळाली मला. मागची,
जिथे कचरा चढतो आणि धुवायचे कपडे उतरतात.
मारुती धोत्रे वाघोलीहून आले, छिन्न्या गोणपाटात गुंडाळून.
त्यांचा मुलगा आमच्याच खोदाईवर पोकलेन चालवायचा.
बाप आठवडाभर घडवायचा तेवढा दगड
पोरगा चहा निवायच्या आत फोडायचा.
दोघं एका डब्यात जेवायचे,
ठेच्यावरून भांडायचे, दगडावरून नाही.
मी एकदा विचारलं, वाईट वाटत नाही?
म्हणाले, "त्याच्या केबिनीत गार असतं, बाई."

मूल्यांकनाला सान्याल आले.
लॉबीतल्या शेवाळाच्या भिंतीपाशी फोटो काढला,
(शेवाळ जपून ठेवलेलं, रंग दिलेलं)
मागे काही आहे का, विचारलं.
मॅनेजर म्हणाला, सर्व्हिस एरिया.

मे महिन्यात गेले, तापमापक बंदूक घेऊन.
काच: चोपन्न.
धोत्र्यांची भिंत, सावलीच्या अंगाला: एकतीस.
लाँड्रीची चार पोरं तिला पाठ लावून बसलेली,
शर्ट वर सरकवून, उघडी पाठ दगडाला.
त्यांना कुणी शिकवलं नव्हतं.
आकडा लिहायला वही काढली,
पण फॉर्ममध्ये याला रकाना नाही.
वही ठेवली. पोरांनी सरकून जागा केली,
मीही टेकले.

टँकर आता दुपारीही येतो.
उलटा उलटा येत,
"आन दो, आन दो" च्या तालावर,
भिंतीच्या कोपऱ्याला
दोन बोटं सोडून थांबला.